चौथ्या थराखाली काय हवं: कॉर्नफ्लोअरची पिशवी, केशरी पॅड आणि परळच्या एका गोविंदा पथकाचं प्रकरण

परळच्या आमच्या चाळीत गुरुपौर्णिमेला पटांगणात नारळ फुटतो आणि त्या रात्रीपासून गोविंदांचा सराव सुरू होतो. कामावरून आलेली पोरं जेवून खाली उतरतात, दहा वाजता पहिला थर लागतो, बाराच्या सुमारास गॅलरीतून कोणीतरी "पुरे रे आता" म्हणून हाक मारतं. मी याच चाळीत वाढले. आता एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझा १५ वर्षांचा भाचा या पथकात वरून दुसरा असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण खालचं प्रकरण मी लांबून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी सरावात सहा थर लावताना तिसरा थर डाव्या अंगाने बसला आणि चौथ्यावरचा मुलगा खाली गोल करून उभ्या माणसांच्या घेऱ्याच्या बाहेर, थेट फरशीवर गेला. मनगट मोडलं, गुडघ्याची वाटी सुजून नारळाएवढी झाली. दोन महिने त्याची रोजंदारी बुडाली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

यंदा सराव सुरू व्हायच्या आधीच पथकाचे प्रशिक्षक नाना माझ्या दारात आले. नाना माझ्या वडिलांबरोबर थर लावायचे. हातात मोबाईल, त्यावर एक चित्रफीत: एका माणसाने बोटाला केशरी रंगाचा मऊ गोळा गुंडाळलाय आणि वरून हातोडा मारतोय. बोटाला काही होत नाही.

"बाय, हे बघ. हातात घेतलं की मेणासारखं मऊ, आणि मारलं की दगड. आपल्या पोरांना हे घातलं तर?"

एका देणगीदाराने जर्सीसाठी ४०,००० रुपये दिले होते. जर्सी गेल्या वर्षीच्याच वापरू, पैसे या कामाला लावू, असं नानांनी मंडळाकडून कबूल करून घेतलं होतं. मंडळात तीन मतं होती. काहींना वाटत होतं की तयार पॅड विकत घेऊन ती सगळ्यांना द्यावीत. दोन पोरं म्हणत होती की कॉर्नफ्लोअर आणि पाण्याच्या पिशव्या घरीच शिवू, गुण तोच आहे आणि खर्च दहावा हिस्सा. तिसरी सूचना खालच्या थराची होती. त्यांचे खांदे दर मोसमात सोलवटून निघतात, तर त्याच पिशव्या खांद्यावर घालू. मी नानांकडे दोन आठवडे मागितले.

पदार्थ मुळात कसा वागतो

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी घाला. बोट हळू बुडवलं तर सहज आत जातं, मूठ आपटली तर मूठ अडते. मक्याच्या स्टार्चचे कण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. ते थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते दाटीवाटीने पाण्यात पसरून राहतात. हळू ढवळलं तर दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा टिकतो आणि कण एकमेकांवरून सरकतात. झटका बसला की तो पापुद्रा पिळून निघतो, कणाला कण भिडतो, घर्षण लागतं आणि सगळी दाटी एकदम अडकते. दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला सावकाश, खांदा तिरका करून चाललात तर वाट मिळते. धावत घुसलात तर समोरची माणसं एकमेकांवर रेटली जातात आणि भिंत उभी राहते. घर्षणाचा हा वाटा संशोधकांनी ठामपणे मांडला तो २०१३ आणि २०१४ च्या सुमारास. त्याआधी पुष्कळ वर्षं पाण्यातच कणांचे तात्पुरते पुंजके बनतात या कल्पनेवर जास्त भर होता.

याच घराण्यातली एक जुनी गोष्ट पोरांना दाखवायला मी त्यांना दादर चौपाटीवर घेऊन गेले. ओहोटीला ओल्या वाळूवर पाय दाबला की पायाभोवतीची वाळू क्षणभर पांढरी, कोरडी दिसते. दाबामुळे वाळूचे कण एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचं पाणी त्या जागेत शोषलं जातं. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचा उलगडा केला. एक पोरगा म्हणाला, "ताई, म्हणजे वाळूपण फुगते?" हो, दाबल्यावर फुगते. त्याला ते खरं वाटेपर्यंत आम्ही तिथेच पाय दाबत उभे होतो.

चित्रफितीतला केशरी गोळा मात्र वेगळ्या कुळातला. त्यात कणांची दाटी नसते, सिलिकॉनच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांना बोरॉन जागोजागी सैल गाठींनी बांधून ठेवतो. या गाठी सतत सुटतात आणि पुन्हा बांधल्या जातात. वेळ दिला तर पदार्थ वाहतो. झटका दिला तर गाठींना सुटायलाच वेळ मिळत नाही आणि तो रबरासारखा ताठ होतो. दुसऱ्या महायुद्धात रबराला पर्याय शोधताना जेम्स राइट यांना १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बोरिक आम्ल आणि सिलिकॉन तेलातून असा उसळणारा लगदा मिळाला. तोच पुढे सिली पुटी नावाचं खेळणं झाला. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी या गुणाचा पदार्थ फोममध्ये बांधून अंगावर घालण्याजोगा केला, तो डीथ्रीओ. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीपटूंच्या पोशाखात तो होता.

नानांनी विचारलं, "मग सैनिकांच्या जाकिटात पण हेच ना?" तिथे काम निराळं आहे. अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅग्नर आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतले सहकारी यांनी केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याचं कापड सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या दाट द्रवात भिजवलं. टोकदार वस्तू आदळली की द्रव ताठ होतो, धागे बाजूला सरकत नाहीत आणि टोक आरपार जात नाही. म्हणजे तिथे लढाई भोसकण्याशी आहे. आमच्या पोरांना कोणी भोसकत नाही, ती उंचावरून पडतात. एकच गुण एका संकटाला लागू पडला म्हणून दुसऱ्याला पडेलच असं नाही, आणि माझी काळजी इथूनच सुरू झाली.

शाडूच्या मातीवरची चाचणी

त्या दिवसांत परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत शाडू मळलेली असते. शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याने घमेलंभर दिली. लाकडी फळ्यांच्या चौकटीत ती ठासून भरली, वर तपासायची वस्तू ठेवली आणि गोळाफेकीचा ४ किलोचा लोखंडी गोळा सहा इंची पीव्हीसी पाइपातून १.२५ मीटरवरून सोडला. ही ऊर्जा ४९ ज्यूल होते. हा आकडा मुद्दाम धरला, कारण मोटारसायकलवाल्यांच्या गुडघा-कोपराच्या पॅडसाठी युरोपात जे मानक आहे, ईएन १६२१-१, त्यात ५ किलोचा ठोकळा ५० ज्यूल ऊर्जेने आदळवतात. पॅडखाली पोहोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचा भार) आत राहिलं तर पहिली पातळी, २० च्या आत राहिलं तर दुसरी. बल मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मातीत पडलेला खड्डा बोटांनी मोजायचा, एवढंच.

नुसत्या मातीत गोळा तीन बोटं रुतला. जुन्या गादीचा एक सेंटिमीटर स्पंज ठेवला, तरी जवळपास तेवढाच. मऊ स्पंज पहिल्या क्षणातच तळाला टेकतो, त्याच्या हातून काही होत नाही. कॉर्नफ्लोअरच्या पिशवीने पोरांच्या तोंडून आवाज काढला: खड्डा जेमतेम एक बोट, पण ताटलीसारखा पसरट. तयार पॅडखाली साधारण तसाच.

नाना खूश झाले. मी नव्हते, कारण त्या पसरट खड्ड्याचा अर्थ मला स्पष्ट दिसत होता. पिशवीने मार गिळला नव्हता, तो पसरवला होता. शिकागो विद्यापीठात स्कॉट वाइटुकाइटिस आणि हाइनरिख येगर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अशा द्रवावर दांडा आदळला की त्याच्याखाली घट्ट झालेला गोळा तयार होतो आणि तो भराभर पुढे वाढत जातो. माणूस अशा द्रवावरून धावत जाऊ शकतो तो त्या गोळ्याच्या आधारावर. खोल पिंपात त्या गोळ्याला वाढायला जागा असते. एक सेंटिमीटरच्या पिशवीत तो लागलीच तळाला टेकतो आणि वरचा दणका खालच्या हाडाकडे जातो. एका बिंदूऐवजी तळहाताएवढ्या भागावर जातो, हा फायदा खरा आहे. गुडघ्याची वाटी फुटणं आणि नुसती सुजणं यातला फरक तेवढ्यानेही पडू शकतो.

मग मी व्यायामशाळेतली रीबॉन्डेड फोमची (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेली) चार इंची गादी मागवली आणि तिच्यावर गोळा सोडला. मातीत नखाएवढी खूण उमटली. त्या गादीत ताठ होणारं असं काहीच नव्हतं. फक्त जाडी होती आणि हळूहळू दबत जाण्याचा कणखरपणा होता.

कॉर्नफ्लोअरच्या पिशव्या पुढच्या चार दिवसांत आपोआप बाद झाल्या. दुसऱ्या माऱ्याला एकीची शिवण उसवली. रात्रभर ठेवलेल्या पिशवीत खाली दगडासारखा थर आणि वर पाणी, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा गुडघ्याखाली वीट. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला, आषाढातल्या दमट हवेत दुसरं काय होणार. हे सगळं पोरांनी स्वतः पाहिलं हे बरं झालं. मी नुसतं सांगितलं असतं तर कंजूस ठरले असते.

खांद्यावरचा प्रयोग

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चूक झाली असती तर ती कोणाच्या ध्यानातही आली नसती.

खालच्या थराची मागणी अगदी रास्त होती. सहा-सात थरांचं ओझं तळाशी उतरतं, वर चढणाऱ्याच्या टाचा खांद्याच्या हाडावर रुततात. पण ते ओझं झटक्याचं नाही, ठाण मांडून बसलेलं आहे. आणि वेगावर ताठ होणारा पदार्थ ठाण मांडलेल्या ओझ्याखाली मऊच राहतो, हळूहळू बाजूला वाहून जातो. चढणारा उडी घेऊन पाय ठेवतो त्या क्षणी तो घट्ट लागेल, तोल सावरून उभा राहिला की पायाखालून सरकू लागेल. हे मी नानांना फळ्यावर समजावलं. नाना म्हणाले, "दोनच थर लावून बघू."

चारी बाजूंनी गाद्या टाकून दोन थर लावले. पहिली चार-पाच सेकंदं काहीच नाही. मग वरचा मुलगा म्हणाला, "ताई, पाय ठरत नाहीये." त्याचे गुडघे थरथरू लागले, शेजाऱ्याच्या मानेवरची त्याची पकड आवळली. नानांनी लगेच "उतर" म्हटलं. खाली आल्यावर पिशव्या पाहिल्या तर टाचेखालचा सगळा माल कडेला गेला होता आणि मधे प्लास्टिकला प्लास्टिक चिकटलं होतं. हाच प्रकार सातव्या थराच्या भाराखाली झाला असता तर थर का बसला हे आम्हाला कळलंही नसतं. उघड्या पावलाला खांद्यावरची कातडी आणि बनियनचं कापड कळतं, त्या जाणिवेवर थर उभा असतो. मधे काहीही वाहणारं घालायचं नाही, हा निर्णय तिथेच झाला. खांदे सोलवटतात त्यावर जुना उपाय राहिला: जाड सुती कापडाची दुहेरी पट्टी, बनियनच्या आत शिवलेली.

पडण्याचा हिशेब

आता चौथ्या थराकडे. चौथ्यावर उभ्या मुलाची पावलं जमिनीपासून साधारण ४ मीटरवर असतात. ५० किलोचा मुलगा तिथून खाली आला तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर. ऊर्जा सुमारे १,९६० ज्यूल. पॅडची परीक्षा होते ५० ज्यूलला. ५० ज्यूल म्हणजे हाच मुलगा फक्त १० सेंटिमीटरवरून खाली येणं. परीक्षेत तो मार एकाच जागी एकवटलेला असतो आणि पडणारं अंग पसरून आदळतं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरीही ४० पटींची दरी कुठल्याही पॅडने भरून निघत नाही.

पडणाऱ्या शरीराला थांबायला अंतर किती मिळतं, यावर सगळं ठरतं. ४ मीटर पडून १ सेंटिमीटरच्या पॅडमध्ये थांबायचं तर शरीरावर सरासरी बल वजनाच्या ४०० पट. चार इंची दोन गाद्या एकावर एक टाकल्या आणि त्या १५ सेंटिमीटर दबल्या, तर साधारण २७ पट. आणि घेऱ्यातल्या माणसांनी हात वर करून झेललं तर? हात २ मीटरवर असतात, म्हणजे मुलगा २ मीटर पडतो आणि हात त्याला १ मीटरभर खाली आणत थांबवतात. बल वजनाच्या ३ पट, १५० किलो. सहा जणांनी झेललं तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २५ किलो, म्हणजे तांदळाच्या एका गोणीएवढं.

हा शेवटचा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा पटांगण गप्प झालं. घेऱ्यात उभं राहणं हे आमच्याकडे नव्या किंवा वय झालेल्या माणसाला दिलेलं काम समजलं जातं. नानांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे सराव थरांचा कमी आणि झेलायचा जास्त पाहिजे."

हेल्मेटबद्दल थोडं. त्याच्या आतला थर्माकोल ताठ होऊन काम करत नाही. तो चिरडला जातो, आणि चिरडताना ऊर्जा खातो. एकदा चिरडला की संपला. पथकाची हेल्मेटं उघडून पाहिली तेव्हा चारांच्या आत तडे सापडले. वरून रंग चकचकीत होता.

ठरलं काय आणि झालं काय

पैशांतला मोठा हिस्सा आठ गाद्यांना गेला. तडकलेली चार हेल्मेटं बदलली. केशरी पॅड घेतली, पण फक्त चौथ्या थरापासून वरच्यांच्या गुडघ्यांना आणि कोपरांना. हे माझंच मत होतं आणि अजून आहे: चढताना गुडघा खालच्याच्या हेल्मेटवर आपटतो, उतरताना कोपर घासतं, असे लहान मार रोजचे आहेत आणि पॅड त्यांच्यासाठीच बनलेलं आहे. शिवाय चढताना ते मऊ राहतं, गुडघा वाकतो, कडक वाटीसारखं बोचत नाही. सगळ्यात वरच्या एक्क्याला पट्टा आणि दोरी आधीपासूनच होती. वयाची अट पाळली जातेच. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर मर्यादा घालायला नकार दिला, पण १४ वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही हे राज्य सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं. उंचीची ओढ मात्र कोणी कमी करू शकत नाही. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांची ४३.७९ फुटांची सलामी दिली, ते आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे.

नानांनी सरावाचा पहिला अर्धा तास झेलण्याला दिला. आधी वाळूची गोणी गॅलरीतून सोडायची, मग दुसऱ्या थरावरून स्वतः पोरं. सहा जणांची एक फळी, हात कोपरात थोडे वाकलेले, झेलताना गुडघ्यात बसत जायचं. ताठ हातांनी झेललं तर अंतर मिळत नाही आणि झेलणाऱ्याचंच मनगट जातं.

श्रावणातल्या एका पावसाळी रात्री चौथ्यावरून तोच गेल्या वर्षीचा मुलगा निसटला. या वेळी घेऱ्यात पडला. सहांपैकी चार हात लागले, पाठ गादीला टेकली आणि तो उठून बसला. पण खाली येताना त्याचं पॅड बांधलेलं कोपर झेलणाऱ्या एका काकांच्या गालफडावर बसलं. तीन टाके पडले. हे मी आधी ओळखायला हवं होतं. झटक्यात पॅड ताठ होतं ते दोन्ही बाजूंना. ज्याने घातलंय त्याचं हाड ते राखतं, समोरच्याच्या गालाला मात्र तेच टणक लागतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पॅडवर बाहेरून एक सेंटिमीटर स्पंज शिवला आणि घेऱ्याच्या आतल्या दोन रांगांना हेल्मेट सक्तीचं केलं.

गोपाळकाल्याला पथकाने पाच ठिकाणी सहा थर लावले. सातवा लावायचा नाही हे नानांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, कारण रस्त्यावर प्रत्येक हंडीखाली गाद्या टाकता येतीलच असं नाही. टेम्पोत सहा गाद्या होत्या, पण पाचांपैकी दोनच आयोजकांनी त्या हंडीखाली टाकू दिल्या. बाकीच्या ठिकाणी गर्दी दोरीच्या आत आलेली, खाली डांबर, आणि मधे फक्त घेऱ्यातले हात. भाचा घरी आला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. काकांच्या गालावरचे टाके अजून ओले होते आणि ते दिवसभर पुढच्या रांगेत उभे होते.

पुढच्या वर्षी सलामीचं आमंत्रण आलं की बक्षिसाची रक्कम विचारायच्या आधी हंडीखालची जागा किती आणि गाद्या टाकू देणार का हे विचारायचं, असं नानांनी वहीत लिहून ठेवलंय.